१२,५०० फुटांवरची नाटकं

मराठी घरातलं मूल पहिला शब्द कुठलाही बोलो, पहिलं वाक्य ऐकतं ते ‘आटप लवकर’. दूध आटप, आंघोळ आटप, डबा भरलाय, रिक्षा आलीये, आटप. सहावीपर्यंत हे ऐकून ऐकून पोर जरा तयार होतं, तोवर त्याचे आईवडील त्याला उचलून हिमालयात नेतात. तिथे लोकरीची टोपी घातलेला एक गाईड त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “आराम से, बेटा. धीरे चलो. जल्दी किस बात की?” माझ्या भाच्याने त्या गाईडकडे ज्या श्रद्धेने पाहिलं, त्या श्रद्धेने त्याने आजवर एकाही मोठ्या माणसाकडे पाहिलेलं नाही. त्यात त्याची सख्खी आत्याही आली.

पूर्वी सुट्टीत मुलांना मामाच्या गावाला धाडायचे. मग महाबळेश्वर आलं, मग गोवा. आता नाताळच्या सुट्टीत उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांकरी गावात उतरलात तर कानावर पडणारं पहिलं वाक्य बऱ्याचदा “अहो, मुलांचे मोजे कुठल्या सॅकमध्ये टाकलेत?” हे असतं. इथून केदारकंठाला जातात. उंची सुमारे १२,५०० फूट. ट्रेकच्या माहितीपत्रकात त्याच्यापुढे ‘सोपा’ असं लिहिलेलं असतं. दहावीच्या गणिताच्या पेपरबद्दलही मास्तर असंच म्हणतात.

स्थानिक लोक या डोंगराची एक गोष्ट सांगतात. शंकराने तप करायला आधी हीच जागा निवडली होती. पण रानात चरणाऱ्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागल्या, देवाची समाधी भंगली आणि तो उठून केदारनाथला निघून गेला. घंटांच्या किणकिणाटाला कंटाळलेल्या देवाने आमची टेम्पो ट्रॅव्हलर पाहिली असती, तर तो केदारनाथलाही थांबला नसता.

मुलांना एवढ्या उंचीवर नेण्याचा ताप घरात येतो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरून. ‘अवघ्या पाच वर्षांच्या चिमुकलीने सर केले...’ मराठी वर्तमानपत्रात मूल एरवी विद्यार्थी असतं. डोंगरावर गेलं की ते चिमुकलं होतं. चौकटीत फोटो. चिमुकलीच्या हातात तिरंगा, तोंडावर सनस्क्रीनचा पांढरा लेप, आणि कोपऱ्यात वडिलांचा अर्धा चेहरा. चेहरा अर्धा असला तरी अभिमान पूर्ण असतो. माझ्या दादाने ही बातमी सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि स्वतःच्या तिसरीतल्या मुलीकडे पाहिलं. ती तेव्हा सोफ्यावर पाय वर, डोकं खाली करून शेव खात होती. त्याच क्षणी आमचं केदारकंठा ठरलं.

खरोखरीचे विक्रम करणारी मुलं निराळी असतात. तेलंगणाच्या मालावत पूर्णाने २५ मे २०१४ला एव्हरेस्ट गाठलं, तेव्हा तिचं वय १३ वर्षं ११ महिने होतं. नेपाळच्या बाजूने १६ वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही, म्हणून ती तिबेटच्या बाजूने गेली. समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेतली ही मुलगी. तिच्या पाठीशी खडकांवरचा सराव होता, दार्जिलिंगचं प्रशिक्षण होतं, लडाखची थंडी होती. आमच्या पाठीशी सिंहगडाचे रविवार होते.

सिंहगडाच्या सरावाबद्दल न बोललेलं बरं, पण बोलते. पायथ्यापासून वर जायचं, घाम पुसायचा, आणि मग कांदाभजी, पिठलं-भाकरी, वर मडक्यातलं दही. उतरताना पोरं चढतानापेक्षा जड असायची. दादाने मात्र मोबाईलमध्ये तक्ता केला होता आणि त्यात दर रविवारपुढे ‘उत्तम’ असा शेरा होता. सिंहगड आहे सुमारे ४,३०० फूट. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई ५,४०० फूट. आणि सांकरी, जिथे ट्रेक सुरूसुद्धा झालेला नसतो, ते जवळपास ६,४०० फुटांवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार फूट वर आमची धाकटी हॉटेलच्या गादीवर उड्या मारत होती, आणि एकाही वर्तमानपत्राने दखल घेतली नाही.

त्याआधी खरेदी झाली. थर्मल, फ्लीस, विंडचीटर, वॉटरप्रूफ हातमोजे, त्यांच्या आत घालायचे हातमोजे, बर्फाचा गॉगल. बुटांच्या कप्प्यापाशी दादाने शाळेच्या गणवेशाचा कायदा लावून पाहिला: “एक माप मोठंच घेऊ. पुढच्या वर्षीही येतील.” विक्रेत्याने शांतपणे सांगितलं की मोठ्या बुटात पाऊल सरकतं, फोड येतात, उतारावर नखं काळी पडतात. वहिनीने ऐकलं. वहिनी ऐकते. बूट मापाचे आले, थोरल्याचे आणि धाकटीचेही, आणि त्यांची किंमत ऐकून दादाने त्या दिवशी बाहेर जेवायचा बेत रद्द केला.

डेहराडून ते सांकरी हे सुमारे २०० किलोमीटर मी एका परिच्छेदात उरकते, कारण रस्त्याने तसं केलं नाही. मसुरी, पुरोला, मोरी, वळणावर वळण. पोरांना आदल्या रात्रीपासून अवोमिनच्या गोळ्या चारलेल्या, त्यामुळे ती ठणठणीत. वांत्या झाल्या त्या मोठ्यांना. मुलांनी कोणाला कितव्या वळणावर झाली याचा हिशेब ठेवला आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवला.

उंचीचा खरा धडा शिकवला बाकरवडीने. पुण्यात सपाट असलेलं पाकीट सांकरीत टम्म फुगलं होतं. दादाने तेवढ्यावर भौतिकशास्त्राचा तास घेतला. हवेत ऑक्सिजनचा वाटा खाली-वर सगळीकडे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. केदारकंठाच्या माथ्यावर दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, त्यामुळे एका श्वासात ऑक्सिजनही तेवढाच पदरात पडतो. पाकिटात कोंडलेली हवा खालची, बाहेरचा दाब वरचा, म्हणून ते फुगतं. “म्हणजे आपल्या पोटातली हवापण फुगते?” धाकटीने विचारलं. वहिनीने घाईघाईने ‘चहा घेणार का कोणी’ असा विषय काढला. उत्तर ‘होय’ असं आहे. पुढे तंबूत मुलांनी ते रोज रात्री सप्रयोग सिद्ध केलं, गुण देऊन.

चालायला लागल्यावर कळलं की मुलांना चालता येत नाही. त्यांना पळता येतं आणि बसता येतं. देवदारांमधून शंभर पावलं धूम पळायचं, मग दगडावर ‘मी आता मेलो’ म्हणून आडवं व्हायचं, मग परत शंभर पावलं. उंचीवर हे फार वाईट. शरीराला पातळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो, आणि हा वेळ धावून वाचवता येत नाही. जिल्हा पातळीवर खो-खो खेळलेला मुलगा आणि जिन्यावर धापा टाकणारे त्याचे बाबा, यांच्यापैकी विरळ हवा कोणाला आधी गाठेल हे कोणीच सांगू शकत नाही. तब्येत चांगली असण्याचा इथे उपयोग चढायला होतो, उंची सोसायला होत नाही.

यावर गाईडलोकांचा एक जुना उपाय आहे: सगळ्यांत हळू चालणाऱ्याला सगळ्यांत पुढे ठेवायचं, आणि त्याला ओलांडून कोणी जायचं नाही. आमच्या गटात हा मान ठाण्याच्या एका काकांना मिळाला. मनगटावर ठोके, उंची, पावलं आणि झोप मोजणारं घड्याळ, हातात दोन काठ्या, आणि मागे एका ओळीत सात-आठ पोरं, “काका, आराम से” असा कोरस लावत. काकांनी घड्याळ दुसऱ्या दिवशी सॅकमध्ये टाकलं.

आणखी एक. मुलांना निसर्ग दाखवता येत नाही. दादा वळणावळणावर हात पसरून “बघ, बघ तिकडे!” म्हणायचा, आणि पोरं हटकून पायाशी बघायची. “आत्या, खेचराची लीद गोठते का?” हा प्रश्न मला हिमशिखरांच्या रांगेसमोर उभं राहून विचारला गेला आहे. (गोठते. आम्ही काठीने खात्री करून घेतली.) त्यांचं लक्ष असतं झाडाच्या बुंध्यावरच्या बर्फाच्या सुळ्यांवर, ओढ्यावरच्या काचेसारख्या पापुद्र्यावर, तो मोडताना होणाऱ्या आवाजावर, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे कुत्र्यावर. या वाटांवर दाट केसांचे पहाडी कुत्रे असतात. ते गावातून तुमच्याबरोबर निघतात, मुक्कामाला तुमच्या तंबूबाहेर झोपतात आणि शिखरावर तुमच्याआधी पोचतात, तेही कुठलंही साहित्य न विकत घेता. आमच्या धाकटीला पहिल्या मुक्कामापर्यंत ना वडिलांच्या प्रोत्साहनाने नेलं, ना चॉकलेटने. कुत्रा पुढे चालला होता, म्हणून ती चालली. बाकीचं काम गाईडच्या “बस, दस मिनट”ने केलं. पहाडातली दहा मिनिटं घड्याळात बसत नाहीत, पण ऐकणाऱ्याला चालायला लावतात.

पहिला मुक्काम जुडा का तालाब, नऊ हजार फुटांच्या जरा वर. डिसेंबरात हा तलाव गोठलेला असतो आणि काठावर मॅगी मिळते. मोठ्यांनी तलावाचे फोटो काढले. पोरांनी मॅगीचे.

संध्याकाळी ऑक्सिमीटर निघाला. करोनाच्या दिवसांत घराघरात आलेलं हे यंत्र आता हिमालयात जातं. रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी ते दाखवतं, आणि मराठी पालकांसमोर ‘टक्केवारी’ हा शब्द उच्चारायची खोटी. “नव्वद? फक्त? आणि त्या नाशिकच्या मुलीला?” “चौऱ्याण्णव.” “बघ!” उंचीवर आकडे खाली येणारच, आणि बोटं गार असली की यंत्र आणखी कमी दाखवतं, हे ट्रेक लीडरने सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. एका आईने मुलाची बोटं चोळून फेरतपासणीसाठी अर्ज केला. मुलांनी मग आपसांत पैजा लावल्या आणि मोठ्यांची बोटं आळीपाळीने यंत्रात घातली. सगळ्यांत कमी गुण दादाला पडले. थोरल्याने त्याच्या पाठीवर थोपटून “पुढच्या वेळी जास्त अभ्यास कर” म्हटलं. हे वाक्य तो बरीच वर्षं राखून ठेवून होता, असं त्याच्या उच्चारावरून वाटलं.

आता रात्र. हिमालयातल्या रात्रींवर पुष्कळांनी सुंदर लिहिलं आहे. ती माणसं लहान मुलीबरोबर एका तंबूत झोपलेली नसावीत. उंची आणि थंडी दोन्हींमुळे शरीर जास्त लघवी करतं. बाहेर शून्याखाली दहा अंश. रात्री एकला कानाशी कुजबुज: “आत्या, शू.” मग स्लीपिंग बॅगची चेन. मग टोपी, जॅकेट, वरचं जॅकेट, मोजे, बूट. बुटांच्या नाड्या ताठ झालेल्या. डोक्याला विजेरी. तंबूची आतली चेन, बाहेरची चेन. मधल्या काळात शेजारच्या तंबूतून घसा खाकरून व्यक्त झालेली नाराजी. बाहेर आल्यावर वर पाहिलं तर आकाशात बोट ठेवायला जागा नव्हती इतके तारे. धाकटीने डोकं मागे टाकून ते पाहिले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, “आता नाही आली.” परत बाहेरची चेन, आतली चेन, बूट, मोजे, जॅकेट, वरचं जॅकेट. अंगात जरा ऊब येते न येते तोच, “आत्या, आता खरंच.”

मोठ्या कामासाठी चौकोनी उभा तंबू, आत खड्डा, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. “फ्लश कुठंय?” तिने आल्या आल्या विचारलं. मी फावडं दाखवलं. तिने खड्डा पाहिला, माती पाहिली आणि चेहरा उजळला. “म्हणजे मांजर करतं तसं!” सोसायटीतल्या चकचकीत टाइल्सच्या बाथरूममध्ये जिला हाका मारून पाठवावं लागतं, ती मुलगी इथे गरज नसतानाही दोनदा जाऊन आली. थोरला मात्र खड्डा पाहून मागे फिरला. ‘मला घाई नाही’ असं त्याने जाहीर केलं आणि ते दीड दिवस निभावलं.

दुसऱ्या मुक्कामाला आम्ही अकरा हजार फुटांच्या वर होतो. इथे पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला कुकर लागतो. दुपारी सूप, मग पॉपकॉर्न. समोर स्वर्गारोहिणी दिसत होती. गाईडने बोट दाखवून गोष्ट सुरू केली: पांडव इथूनच स्वर्गाला निघाले. वाटेत आधी द्रौपदी पडली. मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिराने मागे वळून पाहिलं नाही, तो चालत राहिला, आणि त्याच्याबरोबर राहिला फक्त एक कुत्रा.

“मागे का नाही पाहिलं?” धाकटीने विचारलं.

“बेटा, वो धर्मराज थे.”

“पण लीडर तोच होता ना? तुम्ही सकाळी सांगितलंत, एकाला त्रास झाला तर सगळ्यांनी थांबायचं.” तिने हे मराठीत विचारलं आणि त्या गढवाली माणसाला ते बरोबर कळलं. त्याने थोडा विचार केला. “उस टाइम ट्रेक लीडर का कोर्स नहीं था,” तो म्हणाला.

सगळे हसले. थोरला हसला नाही. आणि तेव्हा लक्षात आलं की तो दुपारपासून बहिणीशी भांडलेला नाही. तिने त्याचे पॉपकॉर्न उघड उघड उचलून खाल्ले होते, आणि त्याने ते खाऊ दिले होते. घरी असा प्रकार झाला तर आम्ही डॉक्टरांना फोन केला असता.

“नाटकं आहेत सगळी,” दादा म्हणाला. “मोबाईलला रेंज नाही ना दोन दिवस.”

मराठी घरात मुलांच्या दुखण्याची तीनच कारणं असतात: मोबाईल, पालेभाजी न खाणं आणि नाटकं. पहिल्या दोन कारणांनी काही सापडलं नाही की तिसरं लागू होतं. मैदानी प्रदेशात हे निदान नव्वद टक्के बरोबरही निघतं. पण उंचीचा त्रास सुरू होतो तेव्हा तो हुबेहूब नाटकासारखा दिसतो: डोकं दुखतं, जेवण नको, मळमळतं, चिडचिड, झोप नाही, खेळायला नको. पुण्यात गणिताच्या परीक्षेच्या आदल्या रात्री हीच सगळी लक्षणं असतात. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना तर काय होतंय ते धड सांगताही येत नाही. ती नुसती किरकिर करतात. म्हणून डोंगरातल्या डॉक्टरांचा नियम घरच्या नियमाच्या बरोबर उलटा आहे. उंचीवर मूल आजारी वाटलं की कारण उंचीच आहे असं धरून चालायचं. दुसरं काही आहे हे नंतर सिद्ध करायचं. आणि त्रास असताना वर जायचं नाही. वाढला तर ताबडतोब खाली. हे दुर्लक्षिलं तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठू शकतं, आणि तिथे विनोद संपतो.

आमची ट्रेक लीडर पंचविशीतली, डेहराडूनकडची मुलगी होती. तिने थोरल्याशेजारी बसून त्याला शाळेबद्दल विचारलं, क्रिकेटबद्दल विचारलं, मधेच डोक्याबद्दल विचारलं. त्याला सरळ रेषेत चालून दाखवायला लावलं. ते त्याने नीट केलं. डोकं दुपारपासून दुखत होतं. त्याने सांगितलं नव्हतं, कारण ‘बाबांनी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय’. दादा हे ऐकून तंबूच्या दोऱ्या तपासायला गेला. दोऱ्या ठीक होत्या. तरी बराच वेळ तपासत होता.

रात्री पाणी, विश्रांती, दर दोन तासांनी कोणीतरी डोकावून पाहणं. शिखरासाठी पहाटे तीनला निघायचं होतं. डोकं तसंच होतं, वाढलं नव्हतं, पण गेलंही नव्हतं. लीडर म्हणाली, “ये ऊपर नहीं जाएगा. उजाला होते ही नीचे.” प्रश्न उरला, बरोबर कोण जाणार. एकीकडे दादा: तक्ता त्याचा, बातमी त्याची, खरेदी त्याची, झेंडा त्याच्या सॅकमध्ये. दुसरीकडे वहिनी, जिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की मला हे शिखर-बिखर काही नको, पोरं येतात म्हणून मी येते. आई कुठेही मागे राहायला तयार असते, या गृहीतकावर महाराष्ट्रातल्या अनेक सहली पार पडल्या आहेत. दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी बुटांवर गेटर्स चढवत होती. चढवून झाल्यावर तिने हात पुढे केला आणि म्हणाली, “झेंडा द्या.”

अंधारात विजेऱ्यांची रांग वर सरकत होती. दर वळणावर ‘बस, दस मिनट’. उजाडलं तेव्हा माथा समोर होता, बर्फाचा शेवटचा उभा चढ तेवढा बाकी. धाकटी थांबली. दमली म्हणावं तर नाही. गाल लाल, डोळे चकचकीत. “मी इथे बर्फाचा गणपती करणार आहे,” तिने सांगितलं. वर चल, वरून अजून छान दिसतं, तिथे पण बर्फ आहे, हे सगळं सांगून झालं. “पण इथलापण बर्फच आहे ना?” या युक्तिवादाला गिर्यारोहणाच्या इतिहासात उत्तर नाही. मी आणि एक मदतनीस तिच्याबरोबर थांबलो, वहिनी गाईडबरोबर वर गेली, आणि कुत्रा आधी वहिनीबरोबर वर जाऊन मग आमच्याकडे बिस्किटं आहेत हे आठवून खाली आला. थोड्या वेळाने माथ्यावरून ‘जय भवानी, जय शिवाजी’ची आरोळी आली. केदारकंठावर नाताळात ही आरोळी नवी नाही. पण त्यातला एक आवाज माझ्या वहिनीचा होता, आणि मी तिला लग्नापासून ओळखते, तरी तो आवाज ऐकलेला नव्हता.

गणपतीची सोंड दोनदा पडली.

तिकडे खाली काय घडलं ते दादाने स्वतः सांगितलं, म्हणून ते खरं असावं. दोन हजार फूट उतरून जुडा का तालाबला पोचेपर्यंत थोरला मुकाट होता. तिथे अर्ध्या तासाने त्याने डोळे चोळले, आजूबाजूला पाहिलं आणि एक मॅगी मागितली. मग दुसरी. मग खड्ड्याचा तंबू कुठे आहे ते विचारलं आणि आनंदाने परत आला. मग गोठलेल्या तलावावर दगड घरंगळवत त्याने शेजारच्या गटातल्या मुलाशी भांडण काढलं. उंचीच्या त्रासावर सगळ्यांत खात्रीचं औषध म्हणजे उतरणं, आणि ते असं झटपट लागू पडतं. दुपारी आम्ही पोचलो तर दादा त्या टुणटुणीत मुलाकडे बोट दाखवून वहिनीला म्हणाला, “बघ. मी म्हणत नव्हतो? नाटकंच होती!”

वहिनीने त्याच्या हातातला मॅगीचा वाडगा काढून घेतला आणि स्वतः खायला लागली.

सांकरीत प्रमाणपत्रं वाटली गेली. वहिनीच्या नावापुढे शिखर लिहिलं आहे. ते आता दिवाणखान्यात आहे, दादाच्या ‘उत्कृष्ट कर्मचारी’च्या शेजारी, आणि जरा वर. मुलांना विचाराल तर धाकटीच्या मते केदारकंठा म्हणजे एक कुत्रा, आणि थोरल्याच्या मते सहलीचं सर्वोच्च ठिकाण जुडा का तालाब. बर्फाचा गणपती माझ्या मोबाईलमध्ये आहे. सोंडेचं तेवढं सांभाळून घ्यावं लागतं.

तुम्हीही मुलांना घेऊन जाणार असाल तर जरूर जा. आधी मुलांच्या डॉक्टरांना भेटा, गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका, एक दिवस जादा ठेवा, आणि खाली कोण उतरणार हे डेहराडूनची गाडी धरायच्या आधी घरीच ठरवा. आमचं पुढच्या खेपेला दयारा बुग्यालचं चाललं आहे. ते जरा कमी उंचीवर आहे, आणि तिथे कुत्रे आहेत याची धाकटीने चौकशी करून झाली आहे. कोणाकडे सातवीतल्या मुलाच्या पायाचे बर्फाचे बूट असतील तर कळवा. बदल्यात आमच्याकडे दोन जोड आहेत, एक सहावीतला आणि एक तिसरीतला. एकदाच वापरलेले, पावतीसकट.